जुन्या नीतिपुस्तकांच्या गठ्ठ्यात बाईचं लिखाण कुठं शोधायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही धागा लागेल. नगर जिल्ह्यातल्या सासरच्या वाड्यात फडताळ आवरताना तुम्हाला लाल फडक्यात बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा सापडला. त्यात पोथीच्या आकाराचं, हातानं लिहिल्यासारखं दिसणारं एक छापील पुस्तक आहे. मुखपृष्ठं गेलेली, शाळेत चालत असावीत अशी गोष्टींची दोन पुस्तकं आहेत. एक ख्रिस्ती उपदेशाचं चोपडं आहे आणि कुठल्याशा नियतकालिकाची काही सुटी पानं. घरातले म्हणतात, सगळा जुना उपदेश आहे, इंग्रजीवरून उतरवलेला, रद्दीत घाला. तुम्हाला ते पटत नाही. तुम्ही विचारलंय की ही पुस्तकं किती जुनी, त्यांना काही मोल आहे का, आणि त्या काळात बायकांनी लिहिलेलं काही होतं का, कारण १८८२ साली ताराबाई शिंदे आणि पंडिता रमाबाई यांची पुस्तकं निघाली, त्याच्या आधीचं कुणी काही सांगतच नाही.

रद्दीत घालू नका. जुन्या मराठी पुस्तकांच्या सूची करण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि तुम्ही सांगितलेल्या पाचही जिनसा एकाच गठ्ठ्यात मिळणं मला फार थोड्या वेळा बघायला मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी माणसाला कोण कोण काय शिकवू पाहत होतं, याचा नकाशाच त्या लाल फडक्यात आहे.

आधी हाताळणीचं. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि काही वर्षांनी कागदाचा पापुद्रा घेऊनच सुटते. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते केलेलं पुस्तक पुन्हा सोडवता येत नाही. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ काढा, ऊन दाखवू नका, धुवट सुती कापडात सैल बांधा. वेखंडाचे तुकडे सापडले तर ते पूर्वीच्या कुणीतरी कसरीसाठी ठेवलेले असणार. ते बाजूला काढा, पण कुठल्या पुस्तकात होते ते लिहून ठेवा. त्या पुस्तकाला घरात जास्त जपत होते, एवढं त्यावरून कळतं.

आता वय. आम्ही सूचीवाले १८६७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतो. दोला म्हणजे पाळणा. छपाई पाळण्यात होती तेव्हाची पुस्तकं. रेघ १८६७ ला ओढायचं कारण असं की त्या वर्षी पंचविसावा कायदा आला आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. त्याआधीच्या पुस्तकांचं वय पुस्तकालाच विचारावं लागतं. तुमचं पोथीच्या आकाराचं पुस्तक बहुतेक शिळाप्रेसवरचं आहे. सुंदर अक्षराचा लेखक खास शाईनं कागदावर लिहायचा, ते अक्षर दगडावर उतरवायचे आणि दगडावरून छाप काढायचे. पान पालथं करून बोटाच्या पेरानं चाचपा. खिळ्यांच्या छपाईत मागच्या बाजूला अक्षराचा उठाव लागतो, शिळाप्रेसवरचं पान सपाट लागतं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं आणि पुढे धार्मिक ग्रंथांची रांग लावली. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला हात लावत नसत, तेव्हा त्यांच्या छापखान्यात शाईसाठी तूप वापरलं गेलं. हा तपशील मी नवख्या मुलांना मुद्दाम सांगते. धर्मग्रंथ छापणं ही गोष्ट किती मोठा उंबरठा ओलांडण्याची होती, ते एका तुपाच्या वाटीत कळतं.

लेखनाकडे बघा. ‘ह्मणून’, ‘जाहलें’ अशी रूपं असतील, शब्द एकमेकांना चिकटलेले असतील, दंडाखेरीज विरामचिन्हच नसेल तर पुस्तक बऱ्यापैकी जुनं. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी मराठीचे इंग्रज अभ्यासक मेजर कँडी यांच्या खटपटीनं १८५० च्या आसपास मराठीत रुजली. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १७६३ म्हणजे १८४१. मोडीत छापलेलं काही निघालं तर मला लगेच कळवा. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरींनी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं जी मराठी पुस्तकं काढली, १८१० चा कोश काय किंवा १८१४ ची सिंहासनबत्तिशी काय, ती मोडीत आहेत. बंगालमध्ये छापलेली मोडी नगरच्या फडताळात निघाली तर त्या पुस्तकाचा प्रवासच वेगळा लिहावा लागेल.

मोलाच्या प्रश्नाला उत्तर देताना मला थोडं मागं जावं लागेल.

मराठीतली छापील नीतिकथा पहिल्यांदा निघाली ती मुंबई-पुण्यात निघाली नाही. ती तंजावरला निघाली. सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली सख्खन पंडितांची ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली, म्हणजे इसापच्या गोष्टी. मुंबईतल्या मुलांच्या हाती इसाप मराठीतून पडायला १८२८ उजाडलं. त्या साली सदाशिव काशिनाथ छत्र्यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही दोन्ही आली. ‘बाळमित्र’ मुळात बेर्कें नावाच्या फ्रेंच लेखकाचं, इंग्रजीतून मराठीत आलेलं. तुमची मुखपृष्ठं गेलेली पुस्तकं या घराण्यातली असण्याचा पुष्कळ संभव आहे.

मधल्या वर्षांत मुंबईत काय छापलं गेलं तेही बघा: १८२२ चं ‘पंचोपाख्यान’, १८२३ ची ‘विदुरनीति’, १८२४ ची सिंहासनबत्तिशी. सगळं आपल्या ओसरीवरचं, आजोबा नातवाला सांगतील असं. मग चार वर्षांत बेर्कें आणि इसाप. माझ्या मते मराठी शिक्षणातलं हे वळण आहे आणि ते फार गुपचूप घेतलं गेलं. ‘नीती’ हा शब्द तोच राहिला, पण आतला माल बदलला. विदुराची नीती राजाला आणि कुळाला धरून आहे. ‘बाळमित्रा’तली नीती एकट्या मुलाला धरून आहे, त्याच्या खरेपणाला, त्याच्या कष्टाळूपणाला, त्यानं बहिणीशी कसं वागावं याला. पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचा नियम होता की शाळापुस्तकात धर्म आणायचा नाही. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेब यांचा त्यावर कटाक्ष होता, लोक बिथरतील अशी त्यांना धास्ती होती. त्यामुळे एक चमत्कारिक नवी गोष्ट जन्माला आली: ज्यात देव नाही, व्रत नाही, जात नाही, अशी नीती. आज आपल्याला ती सपक वाटते. १८२८ च्या घरात मुलगा हे पुस्तक मोठ्यानं वाचायला लागला तेव्हा ती सपक नव्हती.

धर्म आणला तो मिशनऱ्यांनी, आणि उघड आणला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन १८१३ साली मुंबईत उतरले. १८१७ पासून त्यांच्या छापखान्यातून मराठी चोपडी निघू लागली आणि १८२६ मध्ये संपूर्ण मराठी नवा करार. या चोपड्यांचा घाट ओळखायला सोपा आहे: बारीक, थोड्या पानांची, एका बैठकीत वाचून होणारी, बहुधा प्रश्नोत्तरं किंवा दोघांचा संवाद, आणि शेवटी प्रार्थना. हा घाट आला कुठून हे कळलं तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाची एक खिडकी तिथेच उघडते. इंग्लंडात १७९५ पासून हॅना मोर नावाच्या बाईंनी गरिबांसाठी स्वस्त नीतिचोपड्यांची मालिका काढली. वर्षभरात त्यांच्या वीस लाखांवर प्रती गेल्या. तो नमुना पाहूनच १७९९ मध्ये लंडनची धर्मचोपड्यांची संस्था उभी राहिली, आणि तिच्याच धर्तीवर पुढे मुंबईतली. मेरी शेरवुड ही लष्करी अधिकाऱ्याची बायको नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात दहाएक वर्षं राहिली. इथला एक अनाथ इंग्रज मुलगा आणि त्याला सांभाळणारा नोकर यांच्यावरची तिची छोटी गोष्ट १८१४ मध्ये निघाली आणि जगभर वाचली गेली. म्हणजे तुमच्या हातात जे ख्रिस्ती चोपडं आहे त्याचा साचाच एका बाईच्या हातून आकाराला आला होता. लेखक म्हणून कुणाचंही नाव नसू दे.

तिसरा प्रवाह आपल्या माणसांच्या उत्तराचा. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून मिशनऱ्यांना आव्हान दिलं आणि जॉन विल्सननी पुढच्याच वर्षी त्याला उत्तर छापलं. त्याच १८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ सुरू झालं, इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी. विधवाविवाहाला शास्त्राचा आधार काढून देण्यासाठी बाळशास्त्र्यांनी गंगाधरशास्त्री फडक्यांना लिहितं केलं. १८४८ च्या मार्चपासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लोकहितवादींची पत्रं येऊ लागली, दोन-अडीच वर्षांत एकशेआठ. तेव्हा लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, पंचविशीत होते. त्या पत्रांत बायकांची दशा, बालविवाह, विधवांचं वपन, ब्राह्मणांचं घोकंपट्टीचं ज्ञान, सगळ्यावर इतकं तिखट लिहिलंय की पावणेदोनशे वर्षांनी वाचतानाही चटका बसतो.

‘सगळं भाषांतर आहे’ या आक्षेपावर माझं म्हणणं एवढंच की भाषांतर कोणत्या शब्दात केलंय ते बघा. मिशनऱ्यांना मराठीत पाप, तारण, कृपा, प्रभू हेच शब्द घ्यावे लागले. त्यातले बरेच तुकाराम-ज्ञानदेवांच्या अंगणात वाढलेले होते. हरि केशवजींनी इंग्रज लेखक बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या ग्रंथाचं मराठी केलं ते १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावानं निघालं. ‘यात्रिक’ म्हटल्यावर नगरकडच्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढे पंढरीची वाटच येणार. शब्द उधार घेतला की त्याच्याबरोबर त्याचं गोत येतं. उपदेशकाला वाटतं आपण शिकवतोय, आणि ऐकणारा आपल्या ओळखीच्या गोष्टीच त्यात ऐकत असतो. गोव्याच्या बाजूला फादर स्टीफन्सनी हे दोनशे वर्षं आधी ‘क्रिस्तपुराणा’त जाणूनबुजून केलं, ओवी घेऊन. मुंबईच्या मिशनऱ्यांच्या गद्यात तो गोडवा नाही, हे मात्र कबूल करावं लागतं.

आता बायकांचं. इथे मला सावकाश लिहायचंय.

पहिली चूक आपण करतो ती ही की सूचीतल्या लेखकाच्या रकान्यात बाईचं नाव शोधतो. त्या काळातली बाईची नीतिवाणी छापखान्याच्या वाटेनं आलेलीच नाही. श्रावणातल्या कहाण्या घ्या. आटपाट नगर, तिथली एक गरीब ब्राह्मणाची सून, शेजारणीकडून घेतलेला वसा, ‘उतू नको, मातू नको’ असं बजावणं. हे सबंध नीतिसाहित्य आहे, बायकांनी बायकांना सांगितलेलं, दरवर्षी उजळणी होणारं, पाठांतरानं टिकलेलं. जात्यावरच्या ओव्यांत सासर-माहेर, सवत, वांझपण, पंढरीचा सखा असं काय नाही? पण ते छापलं गेलं पुष्कळ उशिरा, आणि छापलं तेव्हा गोळा करणाऱ्याचं नाव पुस्तकावर आलं. म्हणून तुमच्या घरातली एखादी म्हातारी कहाणी सांगत असेल तर ती जशी सांगते तशी आधी रेकॉर्ड करा. फडताळातल्या पुस्तकांइतकाच तो ऐवज आहे.

दुसरी गोष्ट. छापील साहित्यात बाई आधी आली ती ऐकणारी आणि वाचणारी म्हणून. अमेरिकन मिशनची मुलींची शाळा मुंबईत १८२४ मध्ये निघाली. सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस आली, १८३९ मध्ये तुमच्या नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. नगरला तिच्या मुलींच्या शाळा पाहूनच आपल्याला प्रेरणा मिळाली असं जोतिराव फुल्यांनी सांगितलंय. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण तिच्या हाताखाली झाल्याचंही सांगतात. मुंबईत जॉन विल्सनांच्या पत्नी मार्गारेट यांनी १८२९ पासून मुलींच्या शाळा काढल्या, मराठी शिकल्या, आणि १८३५ मध्ये ऐन उमेदीत गेल्या. या शाळांमधल्या मुलींच्या हातात कुठली पुस्तकं होती? हीच. तुमच्या गठ्ठ्यातली.

आणि १८३५ मध्येच ‘कुटुंबप्रवर्तननीति’ हे मराठी पुस्तक निघालं, मिसेस फरार यांच्या नावावर. इथे एक सावधगिरी. या मिसेस फरार म्हणजे नाशिकला काम करणाऱ्या इंग्रज पाद्र्यांची पत्नी. वर सांगितलेली मिस सिंथिया फरार वेगळी, ती अमेरिकन. कित्येक टिपणांत मी दोघींना एक केलेलं पाहिलंय, आणि सुरुवातीच्या वर्षांत माझ्या स्वतःच्या कार्डावरही ती चूक होती. पुस्तकाच्या नावातच त्याचं काम आहे: घर चालवण्याची नीती. शाळापुस्तकात नीती मुलाच्या गळ्यात घातली होती, इथे ती स्वयंपाकघराच्या दारात आली. परकी बाई, परक्या घराचा आदर्श, पण मराठीत, बाईच्या नावानं, १८८२ च्या जवळजवळ अर्धशतक आधी. याला बाजूला सारून ‘मराठीत बायकांचं काही नव्हतं’ म्हणता येत नाही, आणि ‘हे मराठी बाईचं लेखन’ असंही म्हणता येत नाही. सूचीत मी त्याची स्वतंत्र नोंद करते आणि वाचकाला दोन्ही सांगते.

त्यानंतर बायकांवर आणि बायकांसाठी पुरुषांनी लिहिलेलं बरंच येतं. बाबा पदमनजींचा ‘स्त्रीविद्याभ्यासनिबंध’ १८५२ चा, तेव्हा ते वीस-एकवीस वर्षांचे होते आणि अजून ख्रिस्ती झाले नव्हते. त्यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, विधवांच्या दुःखावरचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याची ओळख आहे. ते वाचताना मला नेहमी जाणवतं की यमुना गावोगाव विधवांच्या कहाण्या ऐकत जाते. म्हणजे लेखकालाही ठाऊक होतं की खरा मजकूर बायकांच्या तोंडी आहे, त्यानं फक्त एक ऐकणारी पाठवली.

मराठी बाईच्या स्वतःच्या हातचं पुस्तक म्हणजे सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’, १८५४. त्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. त्यात जाईच्या फुलावर कविता आहे, पिवळ्या चाफ्यावर आहे, शिवाजीमहाराजांवर आहे, आणि शिका, जागे व्हा असं सांगणाऱ्या आहेत. लोक या शेवटच्याच उचलतात. मी म्हणेन फुलांच्याही वाचा. उपदेश करण्यासाठी लेखणी धरलेल्या बाईला चाफा दिसला आणि तिनं तोही त्याच पुस्तकात ठेवला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुरुषांच्या नीतिपुस्तकात चाफा आला तरी त्यातून बोध निघायचा.

आणि मग मुक्ताबाई.

मातंग समाजातली, पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतली, वयानं चौदाच्या आसपासची मुलगी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयीं’ हा निबंध ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मिशनच्या पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या दोन अंकांत आला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांनी आजच वाचावा, फार मोठा नाही. ती देवाला हाक मारून बोलते. ब्राह्मण म्हणतात वेद आमचे, मग आम्हाला वेद नाही हे उघड आहे, तर आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असं विचारते. ज्या धर्माचा अनुभव एकानंच घ्यायचा आणि बाकीच्यांनी नुसतं तोंडाकडे बघायचं, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो म्हणते. पेशवाईत तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांगमहाराचं काय होई, इमारतींच्या पायात माणसं कशी पुरत, ते सांगते. घरावर छप्पर नसताना ज्यांना बाळंत व्हावं लागतं त्या बायकांना थंडीवाऱ्यात काय सोसावं लागतं, ते अनुभवाच्या वाटेनं विचार करून बघा, असं बजावते. आणि शेवटी आपल्या माणसांकडे वळून सांगते की तुमच्या दुखण्यावर ज्ञान हेच औषध.

या निबंधाकडे दुःखाची हकिकत म्हणून बघतात. सूचीकाराच्या नजरेनं त्याचा घाट बघा. देवाला हाक, ही मिशनच्या चोपड्यातली प्रार्थना. प्रश्नामागून प्रश्न, ही शाळेतली प्रश्नोत्तरं. दृष्टांत द्यावा तशी पेशवाईची हकिकत, ही नीतिकथेची रीत. शेवटचा उपदेश, हा निबंधाचा शिरस्ता. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत जे जे साचे वरून खाली शिकवण्यासाठी आणले गेले, ते सगळे या मुलीनं उचलले. फरक एकाच जागी केला. उपदेशाच्या पुस्तकात प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असतो, उत्तर आधीच ठरलेलं असतं. मुक्ताबाईनं प्रश्न विचारले आणि उत्तर द्यायचं काम ज्याला विचारलं त्याच्यावर टाकलं. देवावर. तिनं इंग्रज सरकारचे आभारही मानलेत, आणि मिशनच्या पत्राला हिंदुधर्मावरची टीका हवीच होती म्हणून निबंध छापला गेला असेल, हे दोन्ही लपवू नये. पण ज्या पानावर तिनं ‘आमचा धर्म कोणता’ विचारलं त्या पानावर ‘ख्रिस्ती’ असं उत्तर तिनं दिलेलं नाही. तो प्रश्न तिनं उघडा ठेवला.

१८८२ मध्ये ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि पंडिता रमाबाईंची ‘स्त्रीधर्मनीति’ ही दोन पुस्तकं एकाच वर्षी निघाली. त्यांना सुरुवात मानायची सवय झाली आहे. तुमच्या गठ्ठ्यातली पुस्तकं वाचून मग त्यांच्याकडे वळा, म्हणजे रमाबाईंच्या शीर्षकातला ‘नीति’ हा शब्द आणि ताराबाईंचा भांडणाचा सूर किती लांबून चालत आलेत ते ऐकू येईल.

तेव्हा शोधायचं कुठे? नियतकालिकांच्या पोटात: वाचकांची पत्रं, शाळांच्या वार्षिक परीक्षांचे वृत्तांत, ‘एक स्त्री’ किंवा ‘अमक्याची कन्या’ अशी सही. शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची उत्तम आहे, तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही, पण ती ग्रंथांची सूची आहे. नियतकालिकात राहून गेलेला निबंध तिच्यात सापडणार नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ इथे जाऊन पानं उलटावी लागतात. आणि शोधा पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर. एकदा एका नीतिकथेच्या शेवटच्या पानावर मला बायकी अक्षरात वाणसामानाची यादी मिळाली होती, आणि तिच्याखाली त्याच अक्षरात पुस्तकातल्या गोष्टीचा शेवट बदलून लिहिलेला. चारच ओळी. गोष्टीतल्या सुनेला तिनं माहेरी पाठवून दिलं होतं. नाव नव्हतं.

तुमच्या सुट्या पानांबद्दल मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघाला तो नगरलाच, हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली, त्यामुळे नगर जिल्ह्यातल्या घरात त्याची पानं असणं अगदी शक्य आहे. पानाच्या माथ्यावर ‘पुस्तक’ (म्हणजे वर्षाचा क्रम) आणि ‘अंक’ यांचे आकडे दिसतात का बघा. १८४२ हे पहिलं पुस्तक धरून मोजत या, म्हणजे वर्ष कळेल; १८५५ चं चौदावं येतं. पानं दामटून सरळ करू नका, आहेत तशी फोनवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, आणि कडेला कुणी काही लिहिलं असेल तर तेवढ्याचा जवळून आणखी एक.